‘देव एकच, नावं वेगळी’ असं मुलीला सांगावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. चौथीतल्या तुमच्या मुलीने विचारलं, ‘आई, आपला विठोबा, अल्ला आणि येशू हे एकच का गं?’ तुम्ही म्हणालात, ‘हो, देव एकच, नावं वेगळी.’ दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तिने हे मैत्रिणींना सांगितलं. त्यातली एक जैन. ती म्हणाली, ‘आमच्यात जग बनवणारा देव नसतोच.’ दुसरीच्या घरी रोज बुद्धवंदना होते. ती म्हणाली, ‘आम्ही देव मानत नाही.’ मुलगी घरी आली ती हिरमुसूनच. आता तुम्ही विचारता, माझं काय चुकलं आणि तिला काय सांगू?

मी २९ वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातली बरीच वर्षं धर्मांच्या तत्त्वज्ञानाचा पेपर माझ्याकडे होता आणि पहिल्याच तासाला कुणी ना कुणी हे वाक्य म्हणायचंच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुमच्या हेतूत काही चूक नाही. मुलीने कुणाच्या देवाला नावं ठेवू नयेत, एवढंच तुम्हाला हवं होतं. पण ‘देव एकच, नावं वेगळी’ हे सगळ्या धर्मांचं वर्णन नाही. तो एक सिद्धांत आहे, बराचसा आपल्या वेदान्ती वळणाचा, आणि आपल्या इतका अंगवळणी पडलेला की सगळ्यांचं म्हणणं तसंच असणार असं आपण धरून चालतो. जैन मुलीला तो ऐकवला की तिच्या घरचं म्हणणं न ऐकताच आपण ते बाजूला सारतो. ती मुलगी हे बोलून दाखवू शकली, याचं मला फार कौतुक वाटलं.

मी विद्यार्थ्यांना सांगायचे, देव एक की अनेक हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी समोरच्याला विचारा, तू त्याच्याकडे मागतोस काय? त्याच्याबद्दल काय बोललेलं तुला सहन होत नाही? आणि तो नसता तर तुझं काय अडलं असतं? उत्तरं ऐकताना लक्षात येतं की ‘देव’ हा शब्द दर घरात वेगळ्या कामाला लावलेला आहे.

खुद्द शब्दाचंच बघा. संस्कृतातला ‘देव’ हा चमकण्याच्या अर्थाच्या ‘दिव्’ धातूशी जोडलेला आहे. लॅटिनमधला ‘देउस’ त्याच कुळातला. पण तोच शब्द अवेस्तेच्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘दएव’ होतो आणि तिथे त्याचा अर्थ होतो दुष्ट, टाकून द्यायच्या शक्ती. आजच्या फारसीतसुद्धा ‘दीव’ म्हणजे राक्षस. पारशी ज्याला भजतात तो अहुर मझ्द, आणि ‘अहुर’ म्हणजे आपला ‘असुर’. ऋग्वेदात वरुणाला ‘असुर’ म्हणतात ते गौरवानेच. पुढे आपल्याकडे तो शब्द उतरला आणि तिकडे ‘देव’ उतरला. जुन्या काळच्या एखाद्या मोबेदाला, म्हणजे पारशी पुरोहिताला, त्याच्या भाषेत ‘तुमचा-आमचा देव एकच’ म्हटलं असतं तर तो बिचारा दचकला असता.

आपल्या घरातही हे वाटतं तितकं सरळ नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, ‘देव किती?’ याज्ञवल्क्य सांगतो, तीन आणि तीनशे, तीन आणि तीन हजार. शाकल्य ‘ओम्’ म्हणतो, म्हणजे बरोबर, आणि पुन्हा तेच विचारतो. आता उत्तर येतं ३३: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. परत ‘ओम्’, परत प्रश्न. सहा. मग तीन. मग दोन. मग दीड! दीड देव म्हणजे वाहणारा वारा. आणि शेवटी एक, प्राण, ज्याला ब्रह्म म्हणतात. विद्यार्थी त्या शेवटच्या ‘एक’वर झडप घालायचे. मी त्यांना वर्गात तो उतारा पुन्हा वाचायला लावायचे, कारण शाकल्याने प्रत्येक उत्तराला ‘ओम्’ म्हटलेलं आहे. ३३ ही त्याला चूक वाटली नाही, दीडही नाही. मोजणीची पायरी बदलली की आकडा बदलतो, असं मी ते वाचते. एवढा मोकळा संवाद आपल्या हाती असताना आपण त्यातला फक्त शेवटचा आकडा पाठ केला, याचं मला वाईट वाटतं.

बरं, जगाचा कर्ता ईश्वर आहे हेही आपल्या सगळ्या दर्शनांना मान्य नव्हतं. सांख्यांचं प्रकृती (जगाचं जड मूळ) आणि पुरुष (जाणणारं चैतन्य) एवढ्यावर भागतं. सांख्यकारिकांत ईश्वराला जागा नाही. यज्ञाच्या बाबतीत सगळ्यात कर्मठ ते मीमांसक, आणि त्यांचा कुमारिल भट्ट जगाला निर्माता असल्याची कल्पना खोडून काढतो. वेद कुणी रचलेले नाहीत, आणि यज्ञाचं फळ यज्ञातून उपजणाऱ्या ‘अपूर्वा’तून मिळतं, मध्ये देणारा कुणी लागत नाही. या उलट नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचा, उदयन. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, जग हेही घडलेलं आहे, तेव्हा त्यालाही कर्ता असणारच, हा त्याचा युक्तिवाद. दोघेही वेद मानणारे. एकाला ईश्वरावाचून काही अडत नाही आणि दुसऱ्याचं सगळंच अडतं.

कुंभाराच्या या युक्तिवादाला जैनांनी दिलेलं उत्तर फार धारदार आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू मानले जाणारे आचार्य जिनसेन नवव्या शतकात महापुराणात विचारतात, जग नव्हतं तेव्हा तो देव कुठे उभा होता? माती कुठून आणली? आणि तो पूर्ण असेल तर त्याला जग करावंसं का वाटलं? पूर्णाला इच्छा कशी होईल?

आता तुमच्या मुलीच्या पहिल्या मैत्रिणीकडे येते.

एका वर्षी मी वर्गाला घेऊन कोल्हापूरकडच्या एका दिगंबर जैन मंदिरात गेले होते. गाभाऱ्यात तीर्थंकरांच्या मूर्ती ओळीने होत्या आणि त्यांच्यातच एक पितळी पत्रा उभा केलेला होता. पत्र्यातून उभ्या माणसाची आकृती कापून काढलेली. डोकं, खांदे, सरळ सोडलेले हात, पाय, सगळ्याची नुसती कड. माणसाच्या जागी आरपार पोकळी. एका विद्यार्थिनीने तिथल्या पंडितांना हळूच विचारलं, ‘यातली मूर्ती काढून ठेवलीय का?’ ते म्हणाले, ‘मूर्ती हीच. सिद्ध भगवान.’ कर्म संपलं, शरीर गेलं, आता उरला तो शुद्ध जीव. त्याला रंग नाही, रूप नाही, मग त्याची मूर्ती करणार कशी? म्हणून ही अशी. ती मुलगी वाकून त्या पोकळीतून पलीकडे बघत राहिली. पलीकडे समईच्या काजळीने काळी पडलेली भिंत होती. आम्ही निघालो तरी ती तिथून हलत नव्हती.

माझे तीन प्रश्न इथे लावून बघा. सिद्धाकडे मागायचं काय? काहीच नाही. तो रागावत नाही, पावत नाही, कुणाच्या हाकेला धावत नाही. णमोकार मंत्र त्या मैत्रिणीला पाठ असेल. तिला म्हणायला सांगा. अरिहंतांना नमस्कार, सिद्धांना नमस्कार, आचार्यांना, उपाध्यायांना, सर्व साधूंना. त्यात कुणा एकाचं नाव नाही आणि ‘मला अमुक दे’ असा एक शब्दही नाही. पूजेत वाहिलेले तांदूळ, फळ, नैवेद्य जैन माणूस प्रसाद म्हणून घरी आणत नाही. आपल्याकडे देव नैवेद्य चाखतो आणि उरलेला आपल्याला परत देतो, म्हणून प्रसादाला अर्थ आहे. तिथे परत देणारा कुणी नाही.

‘देव’ हा शब्द त्यांच्याकडे आहे, पण भलत्याच जागी. पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढतात, त्याची चार टोकं म्हणजे जीवाच्या चार गती: देव, मनुष्य, पशुपक्षी-वनस्पती आणि नारकी. म्हणजे स्वर्गातला देव हीसुद्धा एक अडकलेलीच अवस्था. पुण्य संपलं की तोही खाली येणार, आणि त्याला मोक्ष हवा तर आधी माणसाचा जन्म घ्यावा लागणार. हे ऐकलं की त्या मुलीच्या वाक्याचा नेमका अर्थ कळतो. ती तुमच्या मुलीला दुखवत नव्हती. तिच्या घरी ‘देव’ ही पोचायची जागाच नव्हे. तरी मागणं माणसाला सुटत नाही, हेही सांगायला हवं. पद्मावतीची ओटी भरून पोराबाळांसाठी मागणाऱ्या जैन बायका मी पाहिल्यात. पद्मावती ही रक्षण करणारी देवता. मोक्षाशी तिचा संबंध नाही, आणि त्या बायकांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

दुसरी मैत्रीण. दीघनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात, केवट्ट सुत्तात, एक गोष्ट आहे, ती मुलीला जरूर सांगा, मुलांना फार आवडते. एका भिक्खूला प्रश्न पडतो की पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूतं पूर्ण नाहीशी कुठे होतात. तो ध्यानाच्या बळावर एकेक स्वर्ग चढत जातो. प्रत्येक स्वर्गातले देव म्हणतात, ‘आम्हाला ठाऊक नाही, वर विचार.’ शेवटी तो महाब्रह्म्यासमोर उभा राहतो. ब्रह्मा म्हणतो, ‘मी ब्रह्मा, महाब्रह्मा, कर्ता, निर्माता.’ भिक्खू म्हणतो, ‘तू कोण ते मी विचारलं नाही, माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.’ असं तीनदा होतं. मग ब्रह्मा त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि सांगतो, ‘मला माहीत नाही. या सगळ्यांना वाटतं मला सगळं ठाऊक असतं, म्हणून त्यांच्यादेखत बोललो नाही. तू बुद्धाकडेच जा.’ या गोष्टीत देव आहेत, मुबलक आहेत. त्यांच्यावाचून अडत मात्र कुणाचं नाही. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ यातलं क्रियापद जाण्याचं आहे, मागण्याचं नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून मुलीला काही सांगता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा २२ प्रतिज्ञा दिल्या. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. पाचवी, बुद्ध हा विष्णूचा अवतार हा खोटा प्रचार आहे असं मानण्याची. ‘शेवटी सगळं एकच’ या गोड वाक्याने बुद्धाला दशावतारात बसवून टाकलं होतं, आणि ज्यांना देवळाच्या पायरीवरही चढू दिलं नाही त्यांना उद्या पुन्हा ‘तुमचा-आमचा देव एकच’ म्हणून सांगितलं असतं. ती दारं बाबासाहेबांनी विचारपूर्वक बंद केली. त्यामुळे ती मुलगी ‘आम्ही देव मानत नाही’ म्हणाली, त्यात तिच्या घरातल्या तीन-चार पिढ्यांचा स्वाभिमान आहे. त्यावर ‘अगं, पण बुद्ध म्हणजे देवच की’ असं कृपया कुणी म्हणू नये.

अल्ला आणि येशू यांचं प्रकरण निराळं, कारण इथे ‘देव एकच’ यावर वाद नाही. वाद आहे तो ‘एक’ म्हणजे काय यावर.

‘अल्लाह’ हे केवळ मुसलमानांच्या देवाचं नाव आहे असं आपण समजतो. अरबी बोलणारे ख्रिस्ती शतकानुशतकं देवाला अल्लाहच म्हणतात, आणि माल्टा बेटावरच्या कॅथलिकांच्या भाषेत देवासाठी शब्दच ‘अल्ला’ आहे. मलेशियात मात्र एका कॅथलिक साप्ताहिकाने मलय भाषेत हा शब्द वापरला म्हणून खटला उभा राहिला. २००९ च्या अखेरीस क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयाने साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. शब्द एक असूनही भांडण होतं, कारण शब्दामागचं म्हणणं एक नाही. कुराणातल्या सूरह इखलासच्या चार छोट्या आयती बघा: अल्लाह एक आहे, सगळे त्याच्यावर अवलंबून, तो कुणावर नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्यासारखं कुणीच नाही. आणि ३२५ साली निकाया इथे जमलेल्या बिशपांनी ठरवलेलं ख्रिस्ती म्हणणं असं की पुत्र हा पित्यापासून जन्मलेला, घडवलेला नव्हे, आणि दोघांचं सत्त्व एकच. दोन्ही बाजूंना एकच देव हवा आहे, दोन्ही आपलं मूळ अब्राहामापर्यंत नेतात, पण एकाची तिसरी आयत आणि दुसऱ्याचा मूळ विश्वास समोरासमोर उभे राहतात. माझं मत विचाराल तर हाक एकाच दिशेने मारलेली आहे. ज्याला मारली त्याच्याबद्दलचं सांगणं मात्र एकमेकांत बसत नाही.

मशिदीतला मिहराब तुम्ही पाहिला असेल. भिंतीत एक कोनाडा, मक्केची दिशा दाखवणारा, आणि आत काही नाही. त्या जैन मंदिरातून आल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्ही एका मशिदीत गेलो, तेव्हा त्या पोकळीकडे बघत राहिलेली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, इथेही रिकामं.’ मी तिला म्हटलं, दोन्ही रिकाम्या जागांना विचार, तू रिकामी का? पितळी पत्रा म्हणतो, तू असाच होणार आहेस. कोनाडा म्हणतो, त्याच्यासारखं होणं कुणालाच शक्य नाही, नुसतं त्याचं चित्र काढणंसुद्धा नाही. पहिल्या ठिकाणी ‘तू आणि तो शेवटी एकाच जातीचे’ म्हणणं हा धर्म, आणि दुसऱ्या ठिकाणी तेच म्हणणं हे सगळ्यात मोठं पाप, शिर्क. इतकी वर्षं शिकवून मला जे कळलं त्यातलं निम्मं मला त्या मुलीच्या एका वाक्याने कळलं.

येशूबद्दल एक अडचण आपल्या भाषेची आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. देवाला त्यांनी ‘देवा बापा सर्वसमर्था’ अशी हाक मारली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. त्यांना दुसरं करता काय आलं असतं? ऐकणाऱ्याच्या शब्दांतच सांगावं लागतं. पण ‘वैकुंठ’ म्हटलं की शेषशायी डोळ्यांपुढे येतो, आणि ‘अवतार’ म्हटलं की आपल्या कानाला दहा ऐकू येतात. ख्रिस्ती माणसाचं म्हणणं आहे की देव माणूस झाला तो एकदाच, आणि पुन्हा कधी नाही. ‘आम्ही येशूलाही एक अवतार मानतो’ असं आपण मोठ्या मनाने म्हणतो, तेव्हा त्याच्या विश्वासातलं ‘एकदाच’ आपण काढून घेतलेलं असतं.

ज्यूंचं उदाहरण दूर जायचं कारण नाही, कोकणातच आहे. बेने इस्राएल लोक तिथे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. देवाबद्दलची केवढी मोठी गोष्ट एका बंद घाण्यातून गावाला दिसत होती! अलिबागेकडच्या एका घरी मी मलिद्याला, म्हणजे त्यांच्या नवसाच्या विधीला, गेले होते. परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं रचलेली, आणि हिब्रूत प्रार्थना चालू. मुलाला परदेशी नोकरी लागली म्हणून नवस फेडायचा होता. नवस एलियाहू हन्नावी या प्रेषितांच्या नावाने. त्यांचा रथ जवळच्या खंडाळे गावच्या खडकावर टेकला होता असं तिथे मानतात. मी घरच्या आजींना विचारलं, ‘नवस देवालाच का नाही बोलत?’ त्या म्हणाल्या, ‘अगो, देवाचं नावसुद्धा आम्ही तोंडाने घेत नाही.’ त्या नावाची चार अक्षरं पोथीत लिहिलेली असतात, पण वाचताना ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’ म्हणायचं. देव इतका उंच की नावही उच्चारू नये, आणि नोकरीचं सांगायला प्रेषित. एलियाहू हे देव नव्हेत, हे त्या घरात कुणालाही सांगावं लागत नाही.

या उलटही घडतं: नाव तेच आणि देव बदललेला. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या नामदेवांचं. पंढरपुरात नामदेवांचा विठ्ठल विटेवर उभा आहे, कर कटावर आहेत, लहानग्या नामदेवाच्या हट्टापायी तो नैवेद्य जेवतो. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यातलं एक म्हणतं, ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही’. इकडे विठ्ठल, तिकडे विठ्ठल, विठ्ठलावाचून जगच नाही. त्याच ग्रंथाच्या आरंभी, मूलमंत्रात, देवाला ‘अजूनी’ म्हटलंय. मराठी कानाला तो ‘अजूनही’ वाटतो. अर्थ आहे योनीत न येणारा, जन्म न घेणारा, म्हणजे अवतार नाही. नांदेडला गुरुद्वारात हे पद ऐकणाऱ्या शिखापुढे वीट नसते, कमरेवरचे हात नसतात. कोण बरोबर, असं विचारू नका. ज्ञानदेव आधीच विचारून बसले आहेत: ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे, सगुण निर्गुण एकु गोविंदु रे’. मात्र हे उत्तर वारकऱ्याचं आहे. ते शिखाच्या किंवा मुसलमानाच्या तोंडी आपण घालायचं नाही.

आपल्या संतांनी भेद झाकला नाही, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे आधी मनसोक्त भांडतात, एकमेकांच्या देवाच्या कल्पनेतलं जे जे खटकतं ते तोंडावर सांगतात, आणि हे सगळं झाल्यावर मिठी मारतात. नाथांनी मिठी पहिल्या ओळीत घातली असती तर तो संवाद कुणी लक्षातच ठेवला नसता. तुकोबा तर आपल्याच देवाबद्दल म्हणतात, ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी, नाहीं ऐसा मनीं अनुभवावा’. जोतीराव फुल्यांनी नवा शब्दच घडवला, ‘निर्मिक’. ‘देव’ म्हटलं की त्याच्या मागून अवतार, पोथ्या आणि मध्यस्थ भटजी येणार हे त्यांना ठाऊक होतं. जग निर्माण करणारा हवा, पण ती मागची रांग नको, म्हणून निर्मिक. देवाची कल्पना बदलायची तर शब्दापासून सुरुवात करावी लागते, हे त्यांनी फार नेमकं ओळखलं.

आता मुलीला काय सांगायचं ते सांगते. आधी सरळ म्हणा, ‘मी घाईत बोलले, तुझ्या मैत्रिणींचं बरोबर आहे.’ आईने हे म्हटलेलं दहा वर्षांच्या मुलीला फार मोठं वाटतं. मग तिला तिन्ही प्रश्न देऊन टाका, तिच्या भाषेत: तुम्ही काय मागता? तुम्हाला काय बोललेलं आवडत नाही? आणि देव नसेल तर तुमचं काय अडतं? मैत्रिणींच्या घरी बोलावणं आलं तर जरूर पाठवा, शक्य असेल तर तुम्हीही जा. जैन मैत्रिणीच्या आजीला पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढून दाखवायला सांगा. त्याच्यावरचे तीन ठिपके म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. त्यांच्या वर चंद्रकोर आणि कोरीवर आणखी एक ठिपका. तो सिद्धांचा. तो शेवटचा ठिपका मुलीच्या हातून ठेवू द्या, आजी नाही म्हणणार नाहीत. वंदनेला गेलात तर आधी त्या घरच्या मोठ्यांना विचारा की आम्ही कुठे बसू, आणि तिथे हात जोडले तरी मागू काही नका.

एक तयारी तुम्हालाही करावी लागेल. त्या दोघी तुमच्याकडे आल्या की हेच तीन प्रश्न तुमच्या मुलीला विचारतील. ‘तुम्ही विठोबाकडे काय मागता?’ असं नऊ-दहा वर्षांच्या मुलीने सरळ डोळ्यांत बघून विचारलं की भलेभले गडबडतात. मी स्वतः एकदा वर्गात गडबडले आहे. घरात परीक्षेत पास कर म्हणून मागत असाल तर तसं सांगा, लाजू नका. ‘हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा’ हे मागत असाल तर मुलीला आधी ते गाऊन दाखवा, म्हणजे मैत्रिणींना सांगताना तिला चाल आठवेल.